जिल्हा न्यायालयातली साक्षीदार खोली : सोबत जाणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

आमच्या जिल्हा न्यायालयाच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर मागच्या बाजूला एक केंद्र आहे. दारावरच्या पाटीवर ‘व्हल्नरेबल विटनेस डिपॉझिशन सेंटर’, म्हणजे असुरक्षित साक्षीदारांचं साक्ष केंद्र, असं लांबलचक नाव लिहिलंय, पण वकील, शिपाई, पोलीस सगळे त्याला ‘व्हीडब्ल्यूडीसी’ नाहीतर नुसतं ‘विटनेस रूम’ म्हणतात. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाला, मुलीला किंवा बाईला आरोपीच्या डोळ्यासमोर उभं न राहता साक्ष देता यावी म्हणून हे केंद्र केलेलं आहे. न्यायालयाबद्दल लोक ऑनलाइन पार्किंगचं लिहितात, कँटीनच्या वड्याचं लिहितात. या खोलीबद्दल मला कुठंच काही सापडलं नाही. जे तिथं बसून आले ते नाव लावून लिहू शकत नाहीत. मी त्यांच्यासोबत जाते, म्हणून मी लिहिते. कुणाला आपलं लेकरू घेऊन तिथं जावं लागणार असेल तर निदान पुढं काय आहे ते आधी कळेल.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर बालकल्याण समितीच्या यादीवर ‘सपोर्ट पर्सन’ म्हणून नाव घातलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा जो पोक्सो कायदा आहे, त्याच्या २०२० च्या नियमांत हे काम लिहिलेलं आहे. समिती एखाद्या मुलासाठी आपली नेमणूक करते आणि तपासापासून निकालापर्यंत आपण त्या मुलाच्या आणि घरच्यांच्या बरोबर राहायचं. साक्षीत काय बोलायचं हे शिकवायचं नाही, ते आपलं काम नव्हे. पुढं काय होणार ते सांगायचं, विचारायचं ते विचारून घ्यायचं, आणि शेजारी बसायचं.

या लिखाणात जिल्ह्याचं नाव नाही, गावं नाहीत, आणि जे प्रसंग सांगतेय त्यांतल्या ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. पीडित व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरी मी केलं नसतं.

आधी खोलीबद्दल, कारण ती खरोखर चांगली आहे.

मुख्य फाटकातून, वकिलांच्या टेबलांतून, टायपिंगवाल्यांच्या रांगेतून जावं लागत नाही. बाजूच्या बोळात रिक्षा थांबते आणि तिथंच वेगळं दार आहे. आत थांबायची खोली : फिकट पिवळ्या भिंती, दोन सोफे, एक बुटकं टेबल, रंगखडू, ठोकळे, गोष्टींची पुस्तकं, पिण्याचं पाणी. लागून स्वच्छतागृह आहे आणि त्याला आतून कडी लागते. वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. जुन्या इमारतीत मुलीला लघवीला न्यायचं म्हणजे पूर्ण व्हरांडा ओलांडून जावं लागायचं, आणि व्हरांड्यात बाकांवर आरोपीची माणसं बसलेली. एका आईला आरोपीच्या चुलत्यानं तिथंच गाठून ‘गावातलं गावात मिटवूया की’ म्हणून हात जोडले होते. हात जोडून दिलेली धमकी होती ती. मुलगी आईचा पदर धरून उभी होती आणि तिनं त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता, परत तिकडं जावं लागू नये म्हणून. त्यामुळं स्वच्छतागृह जवळ आहे आणि त्याला कडी आहे, हे मी सगळ्यात वर लिहिते.

साक्ष होते ती आतल्या छोट्या खोलीत. टेबल, माइक, समोर स्क्रीन. स्क्रीनवर फक्त न्यायाधीश दिसतात. आरोपी आपल्या वकिलाबरोबर कोर्टहॉलमध्ये असतो. त्याला साक्ष ऐकू येते, तो वकिलाशी बोलू शकतो, तो त्याचा हक्क आहे आणि तो राहायलाच हवा. पण मुलाला तो दिसत नाही. पोक्सोच्या कलम ३६ मध्ये नेमकं हेच म्हटलेलं आहे, फक्त ते प्रत्यक्षात आणायला भिंत, तार आणि दार लागतं, ते इथं आहे.

एका मुलीला, दुसरी-तिसरीतली असेल, साक्षीच्या आधीच्या आठवड्यात मी खोली दाखवायला नेलं होतं. अशी भेट करू देतात, विचारायला लागतं. खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची, तिचे पाय लटकत होते. माइकच्या बुडाशी लाल दिवा लागला तशी ती खुर्चीतून उतरली आणि दाराजवळ जाऊन उभी राहिली. ‘हा दिवा लागला की तो बघतो?’ केंद्रात नेमलेल्या ज्या ताई आहेत त्यांनी नुसतं ‘नाही गं’ म्हणून वेळ मारून नेली नाही. तिला स्क्रीनच्या मागं नेलं, वायर दाखवली, मग ती वायर धरून धरून दोघी रिकाम्या कोर्टहॉलमध्ये गेल्या. न्यायाधीश कुठं बसतात, स्क्रीन कुणाकडं तोंड करून आहे, आरोपीच्या बाजूला पडदा कसा ओढतात, हे तिला स्वतः ओढून बघू दिलं. तिनं तो पडदा ओढला, उघडला, परत ओढला. परत येऊन खुर्चीवर बसली आणि पायाखाली काहीतरी द्या म्हणाली. ताईंनी पुस्तकांचा खोका उलटा करून दिला. साक्षीच्या दिवशी तो खोका आधीच टेबलाखाली ठेवलेला होता. या केंद्राला मी जे गुण देते त्यातले निम्मे त्या खोक्याचे आहेत.

साक्षीच्या दिवशी न्यायाधीश मॅडमनी सुरुवातीला शाळा, बाई, डबा असं विचारलं, खरं आणि खोटं यातला फरक तिला कळतो का ते बघितलं, आणि मग सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांच्या बाजूचे प्रश्न. उलटतपासाला आरोपीच्या वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांना सांगायचा आणि न्यायाधीशांनी तो मुलाला विचारायचा, असं पोक्सोचं कलम ३३ सांगतं. कागदावर वाचताना यात काय मोठं असं वाटतं. वकिलांनी विचारलं, ‘घटनेची तारीख, वार, वेळ साक्षीदारास सांगता येईल काय?’ मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बाळा, बेंदराच्या आधी झालं का नंतर?’ मुलगी लगेच म्हणाली, ‘बैलांची शिंगं रंगवली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. रंग अजून माझ्या हाताला होता.’ स्टेनोनं ते तसंच टाइप केलं. उघड्या कोर्टात, दहा माणसांत, काळा कोट घातलेल्या अनोळखी माणसानं तारीख विचारली असती तर ती गप्प बसली असती आणि कागदावर ‘सांगता येत नाही’ एवढंच आलं असतं. पुढं वरच्या कोर्टात तेच वाक्य तिच्याविरुद्ध वाचलं गेलं असतं.

आजकाल कुणी म्हणतं की या पोरीबायकांचे लाड चाललेत. त्यांना सांगावंसं वाटतं की इथली एकेक वस्तू माणसांनी भांडून मिळवलेली आहे, आणि पहिली भांडणं आपल्याच राज्यातल्या प्रकरणावरून झाली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं. उच्च न्यायालयानं दोषी धरलेल्या दोघा पोलिसांना १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नाही, असा त्या निकालाचा सूर होता. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालवायचा आणि पीडितेचं नाव छापायचं नाही, हे त्या वर्षीचं. पडदा आणि लेखी प्रश्न न्यायाधीशांकडं देण्याची पद्धत ‘साक्षी’ नावाच्या संस्थेनं लढवलेल्या खटल्याच्या २००४ च्या निकालातली. दिल्लीत कडकडडूमा न्यायालयात अशी पहिली खोली २०१२ मध्ये झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, ज्यातल्या पीडितेला ऐकू-बोलू येत नव्हतं, सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत अशी निदान दोन केंद्रं करा म्हणून सांगितलं. मग ११ जानेवारी २०२२ चा आदेश, तोही महाराष्ट्रातल्या प्रकरणातला. त्यात सगळ्या उच्च न्यायालयांनी या केंद्रांची योजना करायची ठरली, आणि ‘असुरक्षित साक्षीदार’ म्हणजे फक्त अठरा वर्षांखालचं मूल नव्हे, लैंगिक अत्याचाराची कुठल्याही वयाची पीडित व्यक्ती त्यात येते, हे स्पष्ट झालं. न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या समितीकडं त्याचं काम दिलं. आमच्या गावातली खोली हे त्याचंच फळ. बंद दार, पडदा आणि वायर मिळायला चाळीसएक वर्षं गेली.

आता जे वाईट आहे ते.

यंत्रणा भरवशाची नाही. एका साक्षीत दुपारी लाइट गेली. यूपीएसवर दिवे राहिले, स्क्रीन राहिला, पण आवाजाची जोडणी तुटली आणि आतल्या खोलीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलगी बोलत होती. ज्या प्रश्नापाशी ती तासभर अडली होती, दोनदा विश्रांती घेतली होती, त्याचं उत्तर ती त्या वेळी देत होती. बोलून झालं, तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. मग स्पीकरमधून आवाज आला, ‘ऐकू आलं नाही, परत सांग बाळ.’ त्या न्यायाधीशांचा दोष नाही, त्यांचाही आवाज उतरलेला होता. पण तिनं परत सांगितलं नाही. त्या दिवशी नाहीच. तांत्रिक माणूस पूर्ण इमारतीला एक, आणि तो वर तुरुंगातल्या आरोपींच्या व्हिडिओ हजेरीत अडकलेला. साक्ष लागली असेल त्या दिवशी सकाळी दहाला माइक-स्पीकर तपासणं आणि आतल्या खोलीत आवाज स्वतंत्रपणे मुद्रित होत राहणं, एवढं केलं तरी हे टळतं. त्याला कायदा बदलायला नको, वेगळं बजेटही फारसं नको.

यापेक्षा मोठी गोष्ट तारखेची.

पोक्सोचं कलम ३५ म्हणतं की न्यायालयानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा. खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ म्हणतं की बलात्काराचा खटला दोषारोपपत्रापासून दोन महिन्यांत पुरा व्हावा. बैलांची शिंगं सांगणाऱ्या मुलीची केस लवकर लागली म्हणून तिला रंगसुद्धा आठवत होता. अशी नशीबवान मुलं थोडी. दुसरी एक पोर घटनेच्या वेळी तिसरीत होती आणि साक्षीला आली तेव्हा सातवीत. तिला तोपर्यंत विसरायला शिकवलं होतं सगळ्यांनी, आईनं, शाळेनं, समुपदेशकानं, आणि ते बरोबरच होतं. मग एक दिवस समन्स येतं आणि तिनं सगळं जसंच्या तसं आठवावं, पहिल्या जबाबाशी शब्दन् शब्द जुळावा, अशी अपेक्षा. जुळलं नाही की विसंगती.

आणि तारीख म्हणजे साक्ष होईलच असं नाही. आरोपीला जेलमधून आणायला बंदोबस्ताचे पोलीस मिळाले नाहीत. आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात आहेत. सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, आला नाही. न्यायाधीशांची बदली झाली. यातलं एकेक कारण खरं असतं, मी खोटं म्हणत नाही. पण ही कारणं आदल्या दिवशी कुणालातरी माहीत असतात, आणि ती वाडीवरच्या आईपर्यंत पोचत नाहीत. ती भांगलणीची मजुरी बुडवून, पहाटेची एसटी पकडून, पोरीला नवा फ्रॉक घालून येते. रात्रभर पोरगी झोपलेली नसते. अकरा वाजता शिपाई सांगतो, पुढची तारीख. साक्षीदार भत्ता मिळतो, पण तो कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या नाझर साहेबांच्या खोलीतून, सही-शिक्क्यासह, आणि बहुतेकांना तो असतो हेच माहीत नसतं.

तारखेचं कळवणं ही मेहेरबानी नव्हे. पोक्सो नियमांत स्पष्ट आहे की तपास कुठवर आला, अटक झाली का, दोषारोपपत्र दाखल झालं का, सुनावणी कधी आहे, जामिनाचं काय झालं, निकाल काय लागला, हे सगळं मुलाला, घरच्यांना आणि सपोर्ट पर्सनला कळवायचं. पोक्सोच्या जामीन अर्जात पीडितेच्या बाजूला नोटीस द्या, त्यांचं ऐकून घ्या, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये बजावलेलं आहे. तरी एका आईला आरोपी सुटल्याचं कळलं ते कसं, तर तो एसटी स्टँडवर चहाच्या टपरीपाशी उभा दिसला. ती पोरीला घेऊन शाळेतून येत होती. त्यानंतर त्या मुलीची शाळा सुटली, मामाच्या गावी नाव घातलं. जामीन देणं न देणं हा न्यायालयाचा अधिकार, त्यावर मी बोलत नाही. पण एक फोन? तो कुणी करायचा, पोलीस ठाण्यानं, कोर्टाचं काम बघणाऱ्या पैरवीच्या हवालदारानं, सरकारी वकिलांच्या कार्यालयानं, हे नाव-नंबरासह ठरलेलं नाही, म्हणून तो कुणीच करत नाही.

समन्सही तसंच. गणवेशातला पोलीस मोटारसायकलवरून वाडीत येतो, चार घरांत पत्ता विचारतो, आणि जे झाकायला कायद्यानं कलम केलंय ते संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचतं. ज्या ठाण्यात महिला अंमलदार साध्या वेशात येऊन समन्स देतात किंवा आधी मला फोन करून घर विचारून घेतात, तिथं हे घडत नाही. म्हणजे करता येतं.

आता मोठ्या बायकांचं, आणि इथंच माझं या सगळ्या व्यवस्थेशी खरं भांडण आहे.

ओळखीतून एक बाई माझ्याकडं आल्या. तिशीच्या पुढच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. त्यांची साक्ष वरच्या मजल्यावर नेहमीच्या कोर्टात लागली होती. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. पलीकडच्या बाकावर आरोपीचे भाऊ, भावजया, गावातले दोघं-तिघं. शिपाई दारात आला आणि त्यानं पुकारा केला : त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, तीनदा, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. निकालपत्रात त्यांचं नाव येणार नाही, वर्तमानपत्रात येणार नाही, पण तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं की कोण आत चाललंय आणि कोणत्या केसमध्ये. आत दार बंद झालं, खटला ‘इन कॅमेरा’ झाला. बाई उठल्या तेव्हा त्यांनी पदर डोक्यावरून ओढून पुढं हनुवटीपर्यंत आणला होता. मी उठून बरोबर निघाले तर मला दारात थांबवलं. ‘तुम्ही कोण? मूल नाहीये ना यात.’ बरोबर होतं त्यांचं. नियमानं मी कुणीच नव्हते.

तळमजल्यावरची पिवळी खोली त्या दिवशी रिकामी होती. २०२२ च्या आदेशानं ती या बाईंचीही आहे. पण त्यांना ते सांगणारं कुणी नव्हतं. सरकारी वकिलांकडं त्या दिवशी बोर्डावर इतकी प्रकरणं होती की त्यांची आणि बाईंची भेट साक्षीआधी दहा मिनिटं झाली. अर्ज करायला हवा होता, तो कुणी केला नाही.

अठरा वर्षं पुरी व्हायला एक दिवस कमी असेल तर पहिल्या दिवसापासून सोबत नेमून मिळते. अठरा पुरी झाली की नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोक्सोच्या बाबतीत म्हटलं की सपोर्ट पर्सन हवी की नको हे नुसतं आईबापांच्या मर्जीवर सोडून देऊ नये, तिची गरज ओळखायला हवी. मग लग्न झालेल्या, सासरी राहणाऱ्या, नवऱ्याला घटना सांगतानाच अर्धमेल्या झालेल्या बाईला ती गरज नाही? तिच्यासाठी सखी केंद्र आहे, २०१५ पासून, तिथं एकाच छताखाली निवारा, समुपदेशन, वकिलाचा सल्ला मिळतो, आणि तिथल्या मुली मनापासून राबतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पण ठाणं, दवाखाना, सखी, प्राधिकरण, सरकारी वकील, कोर्ट या प्रत्येक ठिकाणी ती नव्यानं उभी राहते आणि नव्यानं पहिल्यापासून सांगते. सगळीकडं बरोबर असणारं एक माणूस तिच्या वाट्याला नाही. न्यायव्यवस्थेत सुधारणा म्हणून कुणी मला एकच गोष्ट मागायला सांगितली तर मी शिक्षा वाढवून मागणार नाही, नवी इमारतही नाही. पोक्सोमधली सपोर्ट पर्सन मोठ्या बाईलाही, फिर्याद नोंदवल्या दिवसापासून, कायद्यानं मिळावी. आणि जी ते काम करते तिचं मानधन वेळेवर निघावं, कारण माझं पेन्शनवर भागतं, पण माझ्याबरोबर यादीवर असलेल्या दोन तरुण मुली मानधन रखडलं म्हणून काम सोडून गेल्या, आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या.

बाकीच्या टप्प्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बरंच लिहिलं गेलंय. फिर्याद घ्यायला टाळाटाळ पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर आता कायद्यातच आहे, आणि बलात्काराची फिर्याद नोंदवली नाही तर पोलिसाला शिक्षा आहे. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चिमुरड्या मुलींच्या घरच्यांना ठाण्यात किती ताटकळत बसावं लागलं ते सगळ्या राज्यानं बघितलं. सिव्हिलमध्ये तपासणीला आता संमती विचारतात. योनीत बोटं घालून बघायची ‘टू फिंगर’ चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरू, असं सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगितल्यापासून नव्या डॉक्टरणी तर त्या वाटेला जात नाहीत. उपचार मोफत, खाजगी दवाखान्यातसुद्धा. पैसे मागितले तर तो गुन्हा आहे, हे दारावर लिहून लावलं पाहिजे.

पीडितांना राज्य सरकारकडून पैशांची मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेवर मात्र दोन शब्द जास्त. २ ऑक्टोबर २०१३ ला ती सुरू झाली, २०१७ मध्ये रक्कम कमाल दहा लाखांपर्यंत वाढली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं गेलं. मोठा हिस्सा मुदत ठेवीत राहतो, बाकीचा हाती. चांगली योजना आहे. एका घरात त्या पैशातून पोरीला तालुक्याच्या वसतिगृहात ठेवता आलं. अडतं ते बँकेत. आधारवर आईचं माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि मुलीचं संयुक्त खातं उघडायला मॅनेजर ‘पैसे कशाचे येणार आहेत’ म्हणून काउंटरवर मोठ्यानं विचारतो. दुसरं असं की उलटतपासात हमखास सुचवलं जातं : ‘सरकारी पैसे मिळावेत म्हणून खोटी केस केली, हे खरं आहे काय?’ त्या प्रश्नाला घाबरून अर्जच न करणारी घरं मी पाहिली आहेत. अर्ज करा. तो मुलीचा हक्क आहे, आणि सरकारी वकिलांना ते आधीच सांगून ठेवा म्हणजे ते तयार असतात.

आता गुण. खोली, तिथल्या ताई आणि पोक्सो कोर्टातल्या मॅडमनी ती वापरायची जी पद्धत घालून दिली, त्याला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या आवाजाचा कापला. साक्षीच्या दिवसाच्या आधीची आणि नंतरची व्यवस्था, म्हणजे तारीख, कळवणं, समन्स, पुकारा, याला दीड. पुकारा बंद करून शिपायानं जवळ येऊन ‘चला’ म्हटलं तर मी त्या दिवशी दोन करीन.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. मुलाचं प्रकरण असेल आणि सपोर्ट पर्सन मिळाली नसेल तर बालकल्याण समितीकडं लेखी मागा, एक ओळ पुरते. समितीचा पत्ता १०९८ वर फोन करून मिळतो. मोठ्या बाईसाठी १८१ आणि विधी सेवेचा १५१०० हे नंबर लिहून ठेवा. साक्षीआधी खोली बघायला मागा. येताना मुलाचं रोजचं पांघरूण किंवा खेळणं आणा, तिथली खेळणी छान आहेत पण परकी आहेत. डबा आणा, कँटीन पुढच्या बाजूला आहे आणि तिकडं जायची वेळ येऊ नये. बुधवारी-गुरुवारी गर्दी जास्त असते. तुम्ही अठरा वर्षांच्या वर असाल तरी खोली मागता येते : सरकारी वकिलांना भेटून साक्षीच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी न्यायालयात अर्ज द्यायला सांगा, अर्जात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ जानेवारी २०२२ च्या आदेशाचा उल्लेख करायला लावा, आणि त्या दिवशी तिथं दुसऱ्या कुणाची साक्ष लागलेली नाही ना ते बेंच क्लार्ककडून विचारून घ्या, कारण पूर्ण जिल्ह्याला खोली एकच आहे.